पाच चिंचोके दे म्हटल्यावर : मराठी शाळांच्या सुधारणा समित्यांना खुले पत्र

खानापूर, बेळगाव आणि निपाणी भागातल्या सरकारी मराठी शाळांच्या सुधारणा समित्यांवरच्या सर्व ताई-दादांना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या एका शाळेच्या पालक सभेला गेले होते. सभा आटोपत आली तेव्हा एका सदस्यानं पहिलीतल्या एका पोराला पुढं बोलावलं. "म्हण रे शंभरपर्यंत." पोरानं छाती पुढं काढली आणि कुठंही न अडखळता एक ते शंभर म्हणून दाखवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण पाठांतरालाही कष्ट पडतात आणि ते कष्ट त्या लेकरानं घेतले होते.

सभेनंतर चहा होईपर्यंत तो माझ्याजवळ रेंगाळत होता. माझ्या पिशवीत चिंचोक्यांचा डबा असतोच. तो उघडून म्हटलं, "बाळा, यातले पाच चिंचोके मला दे बघू." त्यानं मूठ भरून दिली. "पाचच आहेत?" "व्हय." "मोजून दाखव की." त्यानं मोजायला सुरुवात केली. तोंड पुढं पळत होतं, बोट मागं राहत होतं. एका चिंचोक्याला दोनदा हात लागला, दोन तसेच राहिले. अकरावर तो थांबला. "मग किती झाले?" असं विचारलं, तर तो पुन्हा "एक, दोन, तीन" करत पहिल्यापासून सुरू झाला.

हा मुलगा मठ्ठ नाही. त्याच्या बाईंनीही कामचुकारपणा केलेला नाही. एकशिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळत त्यांनी जे लोकांना दिसतं ते आधी करून घेतलं. त्याला शंभर शब्द ओळीनं येतात, पण पाच म्हणजे केवढे हे अजून कळलेलं नाही. म्हणूनच हे पत्र तुम्हाला लिहिते आहे. समितीला सभेत जे बघायला आवडतं तेच शाळा वर्षभर करते, हे मी माझ्या नोकरीत पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

मी खानापूर तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळांत अठ्ठावीस वर्षं होते. त्यातली एकोणीस वर्षं माझ्याकडे पहिलीचा वर्ग होता. आता निवृत्त आहे आणि आठवड्यातून दोन दिवस गावच्या अंगणवाडीत जाऊन बसते. माझं मागणं एकच आहे. अंगणवाडीपासून दुसरीपर्यंत रोज अर्धा तास मुलांना मोजायचे खेळ खेळू द्या, आणि तो अर्धा तास शाळेचा वेळ वाया गेला असं समजू नका.

मोजणं आपल्याला इतकं सोपं झालेलं असतं की त्यात किती गोष्टी एकदम कराव्या लागतात हे आपण विसरून जातो. रोशेल गेलमन आणि गॅलिस्टल या अमेरिकन संशोधकांनी १९७८ मध्ये त्या सुट्या करून मांडल्या. एका वस्तूला एकच आकडा द्यायचा, ना दोन ना शून्य. आकड्यांचा क्रम दर वेळी तोच ठेवायचा. शेवटी जो आकडा तोंडात येतो तो शेवटच्या वस्तूचा नसून सगळ्या ढिगाचा असतो, हे उमगायला हवं. त्या सभेतला मुलगा अडला तो इथेच. त्याच्या लेखी 'अकरा' हे त्या शेवटच्या चिंचोक्याचं नाव होतं. मग "किती?" या प्रश्नाला तो दुसरं काय उत्तर देणार? शिवाय डावीकडून मोजा की उजवीकडून, चिंचोके मोजा की टाळ्या, उत्तर बदलत नाही, हेही मुलाला सांगून कळत नाही. स्वतःच्या बोटांनी शंभर वेळा करून बघावं लागतं. एरवी शंभर वेळा तेच करायला कुठलंच मूल तयार होणार नाही. खेळात मात्र ते आपणहून करतं, वर आणखी एक डाव मागतं.

आता थोडं आपल्या मराठी आकड्यांबद्दल. इथे माझी एक चूक कबूल करायची आहे.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिची आई बेळगावच्या बाजारात भाजी विकायची. मी पाटीवर बावन्न लिहायला सांगितलं की ती पंचवीस लिहायची. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा तेच. तिसऱ्या वेळी मी तिच्या हातावर पट्टी मारली. ती रडली नाही, नुसती पाटीकडे बघत राहिली. दोन-तीन दिवसांनी मधल्या सुट्टीत ती मैत्रिणीबरोबर दुकान-दुकान खेळत होती आणि आईसारखी कन्नडमध्ये भाव सांगत होती, "ऐवत्तेरडु." मी सहज म्हटलं, ते लिहून दाखव. तिनं आधी पाच काढला, मग दोन. बरोबर बावन्न.

त्या रात्री मला झोप आली नाही. 'बावन्न' म्हणताना आधी 'बा' येतो, म्हणजे दोन, आणि मग पन्नास. तिनं कानाला ऐकू आलं तसंच लिहिलं होतं. कन्नडमध्ये ऐवत्तु म्हणजे पन्नास आधी येतो आणि एरडु म्हणजे दोन मागून. लिहिण्याचा क्रम तोच, बोलण्याचाही तोच. पंचवीसही कन्नडमध्ये इप्पत्तैदु, म्हणजे वीस आणि मग पाच. आपल्या एकोणतीसमध्ये तर मुलानं तीस गाठण्याआधीच तीसातून एक वजा करायचा असतो. पुढं एकोणनव्वदपर्यंत ही रीत पाळायची आणि नव्व्याण्णवला येऊन ती एकाएकी मोडायची. सहा वर्षांच्या मुलाला हे अवघड जातं यात नवल नाही. २०१९ मध्ये महाराष्ट्रात दुसरीच्या पुस्तकात जुन्या नावांच्या जोडीनं 'वीस एक, वीस दोन' अशी मांडणी आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर ही अडचण शांतपणे समजावून सांगत होत्या आणि लोक मराठी बुडाली म्हणून ओरडत होते. मला त्या वेळी माझ्या वर्गातली ती मुलगी आठवत होती.

म्हणून समितीतल्या सगळ्यांना हात जोडून सांगते. तुमचं मूल खेळताना "ओंदु, एरडु, मूरु" म्हणायला लागलं तर त्याला गप्प करू नका. सीमाभागात भाषेचा प्रश्न किती दुखरा आहे हे मला कळतं. मी स्वतः मोर्च्यांत चालले आहे, आणि मराठी शाळा टिकली पाहिजे म्हणूनच हे लिहिते आहे. पण आपल्या मुलांच्या कानावर मोजायच्या दोन रीती पडतात हे त्यांचं भाग्य आहे. हन्नोंदु, हन्नेरडु म्हणताना दहा आणि एक, दहा आणि दोन हे जसं उघड ऐकू येतं तसं अकरा-बारात येत नाही. हे ज्याला एकदा कळलं तो अकरा-बाराही समजून म्हणतो.

आणि ही उसनवारी आपल्याला नवी कुठं आहे? विटी-दांडू खेळताना दांडूनं अंतर मोजायचे ते आकडे आठवा. वकट, लेंड, मुंड, नाल. गावोगावी पुढचे शब्द थोडे बदलतात, पण सुरुवात हीच. तेलुगूत एक, दोन, तीन, चारला ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु म्हणतात. आपले आजे-पणजे दक्षिणेकडचे आकडे तोंडात घेऊन मराठी मातीत खेळले आणि त्यांची मराठी कुठं गेली नाही. खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन. शब्द बदलला तरी मापं तेवढीच राहतात, हे खळ्यावर बसलेल्या पोराला कुणी न शिकवता कळायचं. खळी आता कमी झाली, मळणीचं यंत्र येतं आणि पोती भरून जातात. मग ते कळायची दुसरी जागा आपल्यालाच करून द्यायला हवी.

आता खेळांचं सांगते. यातला एकही मी शोधलेला नाही. सगळे तुमच्या ओसरीवरचे आहेत.

माझा सगळ्यांत आवडता म्हणजे फोडलेल्या चिंचोक्यांचा. चिंचोका फोडला, दगडावर घासला की एक बाजू पांढरी होते, दुसरी काळी राहते. असे चार तुकडे म्हणजे आपला फासा. कवड्यांऐवजी हेच घेऊन आपल्याकडे आज्या-पणज्या दुपारभर पट खेळायच्या, आणि शेजारच्या कन्नड घरातही चौकाबारा म्हणून तोच खेळ चालायचा. चार तुकडे खाली टाकायचे, पांढरे किती पडले ते बघायचं, तेवढी घरं चालायचं. सुरुवातीला मूल एकेकाला बोट लावून मोजतं. आठवडा-दोन आठवड्यांत नुसतं बघून 'तीन!' म्हणतं. तीन-चार वस्तू न मोजता नजरेनं ओळखता येणं ही मोजण्याची पहिली पायरी आहे, आणि ती पाटीवर गिरवून येत नाही. मोठ्यांच्या डावात चारही काळे पडले की आठ धरतात. लहान मुलांसाठी मी ते बदललं. चारही काळे म्हणजे शून्य, जागचं हलायचं नाही. शून्य काय असतं हे मला पुढं कधी शिकवावं लागलं नाही. ज्याची चाल गेली त्याला ते चांगलंच कळलं.

लहानांसाठी घरं चौकोनात न मांडता एका सरळ रेषेत मांडा, एक ते दहा. शाळेच्या व्हरांड्यात गेरू आणि चुन्यानं दहा चौकोन आखायला एक सकाळ पुरते. प्रत्येक चौकोनात आकडा घाला, देवनागरीही आणि इंग्रजीही, कारण मुलांना दोन्ही दिसतात आणि आपला एक इंग्रजी नऊसारखा वाटून त्यांचा गोंधळ होतो. या साध्या पट्टीची ताकद किती आहे याचा पुरावाही आहे. सीग्लर आणि रमणी या दोघांचं संशोधन २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. अमेरिकेतल्या गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांना त्यांनी एक ते दहा आकड्यांची सरळ पट्टी देऊन खेळवलं, दोन आठवड्यांत चार वेळा, दर वेळी पंधरा मिनिटं. सगळा मिळून तास. एवढ्यानं त्या मुलांची आकड्यांची समज वाढली आणि नऊ आठवड्यांनी तपासलं तेव्हाही टिकून होती. तशाच पट्टीवर आकड्यांऐवजी नुसते रंग देऊन खेळलेल्या मुलांमध्ये तो फरक पडला नाही.

हा खेळ घेताना एका गोष्टीवर लक्ष ठेवा. मूल चारच्या घरात उभं आहे आणि चिंचोके दोन पडले, तर चालताना "एक, दोन" म्हणायला लावू नका, "पाच, सहा" म्हणायला लावा. चालायची घरं दोनच, पण "पाच, सहा" म्हणताना मूल आकड्यांच्या रस्त्यावरून पुढं चालतं. बेरीज इथेच सुरू होते. माझ्या अंगणवाडीतल्या पोरांना हे जमायला पावसाळा सरला. घाई करू नका.

ठिकरी तर प्रत्येक गल्लीत आहे. कन्नड मुली तिला कुंटेबिल्ले म्हणतात आणि दोघी मिळून खेळतात. घरांत आकडे घातले की तोही मोजायचा खेळ. गजगे वर उडवून खाली पडलेले टिपताना एका झेलात किती आले हे मुली न सांगता मोजतात. लगोरीत सात ठिकऱ्या रचताना चार लागल्या, अजून किती हव्यात, हे धावत-पळत ठरवावं लागतं. सगळ्या मुलांना मोकळं फिरायला सांगून मध्येच "तीन!" असं ओरडलं की तिघातिघांचे घोळके होतात. मुलं तेवीस असतील तर दोन उरतात. उरलेल्या दोघांना बाद करू नका. पुढचा आकडा त्यांनाच ठरवायला द्या. असा कोणता आकडा सांगावा म्हणजे कुणी उरणार नाही, यावर पहिलीची मुलं किती डोकं लावतात ते एकदा येऊन बघा.

दुपारच्या जेवणाची वेळ ही मी आयुष्यात सगळ्यांत उशिरा ओळखलेली संधी. आज किती आले, तेवढीच ताटं मांड, हे काम रोज एका मुलाला द्या. ताट कमी पडलं तर एक मित्र उपाशी उभा दिसतो, मग मोजणाऱ्याला चूक कुणी दाखवावी लागत नाही. अंडी येतात त्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये सहा-सहाच्या पाच ओळी असतात. तो टाकून देऊ नका. कापून पाच-पाचच्या दोन ओळींचा तुकडा करा, त्यात चिंचोके भरू द्या. सात भरले की तीन खड्डे रिकामे दिसतात. सात आणि तीन दहा, हे मग पाठ करावं लागत नाही. माझे आजोबा कडब्याच्या पेंढ्या पाचुंद्यांनी मोजायचे. पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा आणि वीस पाचुंद्यांचा शेकडा. आजोबा शाळेत गेले नव्हते, पण त्यांचा शेकडा कधी चुकला नाही, कारण त्यांनी पाच हाताळून पाहिला होता.

हे सगळं कागदपत्रांच्या बाहेरचं आहे असं मात्र मुळीच नाही. १९९५ मध्ये मैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात सुरू झालेली नलीकली पद्धत आपल्या राज्याचीच. नली म्हणजे आनंदानं बागडणं, कली म्हणजे शिकणं. तिसरीपर्यंत मुलाला वाचता आणि मोजता आलंच पाहिजे म्हणून केंद्र सरकारनं ५ जुलै २०२१ रोजी निपुण भारत सुरू केलं, त्यातही खेळातून शिकवायलाच सांगितलं आहे. आणि बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांना बिया, पानं, शिंपले हातात देऊन शिकवलं त्याला तर कितीतरी वर्षं झाली. म्हणजे परवानगी आहे, वाट दाखवणारेही आहेत. अडतं ते एवढ्यावरच की मुलं खेळताना दिसली की कुणीतरी विचारतं, "आज अभ्यास नाही का?"

हा प्रश्न तुम्ही का विचारता ते मला ठाऊक आहे. शाळेचा पट कमी होतोय. शेजारच्या कॉन्व्हेंटमधलं चार वर्षांचं पोर वहीभर आकडे लिहून आणतं, मग आपल्या शाळेनंही तेच दाखवावं असं वाटतं, नाहीतर पुढच्या वर्षी आणखी दोन घरं तिकडं जातील. ही भीती खरी आहे आणि मी तिला नावं ठेवणार नाही. पण त्या वहीशी स्पर्धा करून आपली शाळा वाचणार नाही. त्यात ते पुढंच राहणार. आपल्या शाळेतून तिसरीत गेलेल्या मुलीला बाजारात पन्नासची नोट दिली आणि उरलेले पैसे तिनं न चुकता परत आणले, तर ती गोष्ट आईबाप गावभर सांगतात. मी ते होताना पाहिलं आहे.

निपाणीकडच्या आयांना एक वेगळं सांगायचं आहे. "आम्ही अडाणी, आम्ही काय शिकवणार," असं तुम्ही मला दर सभेत म्हणता. हजार विड्यांवर मजुरी घेणारी बाई दिवसभर मोजतच असते आणि मोजण्यात कुणाला फसू देत नाही. तंबाखूच्या सुपाजवळ लेकराला बसवू नका, ते धोक्याचं आहे. पण रात्री भाकऱ्या थापताना विचारा, घरात किती माणसं, किती भाकऱ्या, एकाला दोन लागल्या तर किती? वाट्या मांडायला सांगा. शाळेनं जे करायचं त्याच्या निम्मं तिथं होतं.

तर समितीच्या पुढच्या बैठकीत माझ्यासाठी एवढं मांडा. रोजचा अर्धा तास वेळापत्रकात लिहून घ्या, म्हणजे बाईंना कुणी टोकणार नाही. व्हरांड्यात दहा घरांची पट्टी आखून द्या. रंगासाठी वेगळा निधी मागायची गरज नाही, गेरू-चुना गावात आहे. चिंचोके, गजगे, झाकणं असं काहीबाही भरून प्रत्येक चार मुलांमागं एक डबा ठेवा. गोकाकची लाकडी फळं कुणाच्या घरी पडून असतील तर तीही चालतील, फक्त तोंडात घालता येईल इतकं बारीक काही अंगणवाडीच्या पोरांना बाईंच्या नजरेआड देऊ नका. अंगणवाडीत आणि पहिलीत शंभरपर्यंत लिहून घेण्याचा आग्रह सोडा. वीसपर्यंत मोजून आणून देता आलं तरी पहिलीला पुष्कळ झालं. आणि स्नेहसंमेलनात आकडे म्हणून दाखवायचा कार्यक्रम ठेवायचाच असेल तर मुलापुढं एक टोपली ठेवा आणि पाहुण्यांना त्यातलं काही मागू द्या. "सात दे." मुलाला मोजून देऊ द्या. वेळ लागेल. लागू द्या.

ज्या शाळेला सुरुवात करायला कुणी सोबतीला हवं असेल, तिथं मी येईन. शनिवारची सकाळची शाळा मला बरी पडते. बस स्टँडवरून शाळेपर्यंत चालत येईन, गाडी पाठवू नका. चिंचोके मी आणते. ते फोडून दगडावर घासायचं काम मात्र तुमच्या मुलांसाठी ठेवलं आहे, कारण किती फोडले हेही त्यांनाच मोजायचं आहे.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
खानापूर तालुका, जिल्हा बेळगाव